उंच गवतात गेलेला चेंडू आणि हातातली तीन मिनिटे

गोव्यात पाऊस एकदम ओसरत नाही. नवरात्र संपत आले तरी दुपारी एखादी सर येऊन जाते, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पोसलेले गवत दिवाळीपर्यंत तसेच उभे असते. आम्ही चौघे मडगावाहून महिन्यातले दोन रविवार काणकोणला जातो, राजबागेच्या किनाऱ्यालगतच्या नऊ होलच्या गोल्फ मैदानावर, तळपण नदी समुद्राला मिळते त्या बाजूला. अशा कोणत्याही मैदानावर फेअरवे, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून होलकडे जाणारा खेळण्याचा पट्टा, नीट कापलेला असतो. पण त्याच्या कडेपलीकडे, जिथवर कापणीचे यंत्र जात नाही, तिथे या दिवसांत गवत गुडघ्याच्या वर आलेले असते आणि त्यात पडलेला पांढरा चेंडू तीन पावलांवरूनही दिसत नाही. गोल्फच्या नियमांचा खरा कस मला नेहमी याच जागी लागताना दिसला आहे, आणि याच जागेचे नियम आपल्याकडे सर्वांत कमी लोकांनी वाचलेले असतात. मीही ते बरीच वर्षे वाचले नव्हते.

मागच्या आश्विनातली गोष्ट आहे. पार चारच्या, म्हणजे चार फटक्यांत पुरा व्हावा अशा एका होलवर माझा टीवरचा, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरचा फटका उजवीकडे वळला आणि गवताच्या कडेला पडला. चेंडू अगदी कडेलाच आहे असे वाटल्यामुळे मी सावधगिरीचा दुसरा चेंडू न मारताच पुढे गेलो. आमच्याबरोबरचा कॅडी, म्हणजे क्लब (गोल्फच्या काठ्या) वाहणारा मदतनीस, काणकोणचाच तरुण मुलगा होता. तो आणि मी शोधू लागलो, आणि दीडएक मिनिटात मला चेंडू दिसला. कंपनी तीच, आकडाही तोच. मी तो गवतातून बाहेर काढला, पुढच्या फटक्याने ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या अगदी आखूड गवतावर आणला, दोन पट्समध्ये, म्हणजे हलक्या घरंगळत्या फटक्यांत, होलमध्ये घातला आणि उचलून पाहतो तर माझ्या चेंडूवर मी निळ्या शाईने काढतो ती दोन टिंबे त्याच्यावर नव्हती. कॅडीने माझ्या हातातल्या चेंडूकडे पाहिले आणि तो हळूच म्हणाला, "सर, हो तुमचो न्हय."

नियम अशा वेळी अगदी स्पष्ट आहे. चुकीच्या चेंडूवर मारलेले फटके मोजायचे नाहीत, त्याबद्दल दंडाचे दोन फटके घ्यायचे, आणि मागे जाऊन आपल्या खऱ्या चेंडूने तो होल पुरा करायचा. पुढच्या होलच्या टीवरून फटका मारण्यापूर्वी ही चूक सुधारली नाही, तर स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजून खेळताना, खेळाडू स्पर्धेतून बाद होतो. मॅच प्ले, म्हणजे एकेका होलवर हारजीत ठरणारा खेळ असता तर तो होल तिथेच हरलो असतो आणि विषय संपला असता. आम्ही मागच्या चौघांना पुढे जाऊ दिले आणि पुन्हा त्या गवतापाशी आलो. इथे नियमपुस्तकातली एक बारीक पण न्याय्य तरतूद उपयोगी पडली: दुसऱ्याच चेंडूला आपला समजून शोध थांबवला असेल, तर मधला वेळ शोधाच्या वेळेत धरत नाहीत. शोधायला मिळतात त्या तीन मिनिटांपैकी आधीची दीड मिनिटे गेली होती, उरलेली दीड मिनिटे माझ्या हातात होती. आम्ही पाचही जणांनी शोधले. चेंडू मिळाला नाही. मग टीवर परत जाणे आले. पहिला फटका एक, हरवलेल्या चेंडूबद्दल दंडाचा एक, चुकीच्या चेंडूबद्दल दोन, म्हणजे टीवरून आता मारायचा तो पाचवा फटका. होल संपला तेव्हा कार्डावर नऊ झाले होते.

माझे थोरले साडू आमच्यात सर्वांत वडील. आम्ही त्यांना दादा म्हणतो. ते अत्यंत मायेने म्हणाले, "अहो, रविवारचा खेळ आपला. नऊ कशाला लिहिता? सहा लिहा आणि चला." मी म्हटले, "दादा, सहा लिहिले तर तो होल मी खेळलोच नाही असे होईल." त्यांनी वाद घातला नाही, पण परतीच्या वाटेवर मडगाव येईपर्यंत आम्ही गाडीत याच विषयावर बोलत राहिलो, आणि त्या बोलण्यातून हे लिहावेसे वाटले.

सुरुवातीला एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तीवरच पुढचा गोंधळ उभा राहतो. फेअरवेच्या कडेच्या उंच गवताला आपण रफ म्हणतो, पण त्या शब्दाची गोल्फच्या नियमांत व्याख्याच नाही. नियमांच्या दृष्टीने टी, बंकर (वाळूचे खड्डे), पेनल्टी एरिया (दंड घेऊन बाहेर पडता येते असा आखलेला भाग) आणि खेळत असलेल्या होलचे ग्रीन एवढे भाग वगळले की उरलेले सगळे मैदान हा एकच सामान्य भाग आहे, मग तिथले गवत अर्धा इंच असो की कमरेएवढे. म्हणून "चेंडू रफमध्ये गेला, आता अमुक करता येते" असे जे आपल्याकडे सांगितले जाते, त्यातले बहुतेक ऐकीव असते. उंच गवतासाठी वेगळी सवलत नाही आणि वेगळी शिक्षाही नाही. सामान्य नियमच तिथे जास्त जाचतात, कारण तिथे चेंडू दिसत नाही आणि खेळाडूच्या हालचालीही दुसऱ्या कोणाला नीट दिसत नाहीत.

शोधण्याच्या वेळेबद्दल आमच्या गटात अजून मतभेद होतात, कारण दादांची पिढी पाच मिनिटे मानून खेळली. २०१९ साली आर अँड ए आणि यूएसजीए या दोन नियामक संस्थांनी नियमांची मोठी फेररचना केली, ३४ नियमांचे २४ केले, आणि शोधाची मर्यादा पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आणली. हे घड्याळ खेळाडू स्वतः किंवा त्याचा कॅडी शोधायला लागला की सुरू होते. त्याआधी पुढे पोहोचलेल्या प्रतिस्पर्ध्याने पाहायला सुरुवात केली असली तरी ती वेळ धरत नाहीत. तीन मिनिटांच्या आत एखादा चेंडू दिसला, पण तो आपला आहे की नाही हे पाहायला थोडा जास्त वेळ लागला, तरी चालते. तीन मिनिटे ऐकायला फार थोडी वाटतात. प्रत्यक्ष उन्हात, गवताची कुसळे पायजम्याला आणि मोज्यांना चिकटत असताना, ती पुरेशी लांब असतात. मी घड्याळ लावून पाहिले आहे. ज्या चेंडूची दिशा टीवरून नीट हेरून ठेवली आहे तो बहुधा पहिल्याच मिनिटात मिळतो, आणि जो तीन मिनिटांत मिळत नाही तो सहसा पाचव्यातही मिळत नाही.

किती डोळे शोधायला आहेत यावरही सगळे अवलंबून नसते. २००३ साली इंग्लंडमधल्या रॉयल सेंट जॉर्जेस मैदानावर ब्रिटिश ओपन झाली, तिथे टायगर वुड्सने स्पर्धेतला पहिलाच फटका उजवीकडच्या दाट गवतात घातला. पाच मिनिटांचा काळ तो. मदतीला मैदानावरचे स्वयंसेवक होते, भोवती प्रेक्षक होते, आणि तरी चेंडू मिळाला नाही. तो टीवर परत गेला, त्या होलवर सात फटके लागले, आणि स्पर्धा संपली तेव्हा विजेता बेन कर्टिस त्याच्यापेक्षा दोनच फटक्यांनी पुढे होता. जगातल्या सर्वांत मोठ्या खेळाडूला जे परत जाणे चुकले नाही, ते मला काणकोणला का चुकावे, हा माझा दादांना सांगितलेला पहिला मुद्दा होता.

परत जाण्याची ही रीत फार जुनी आहे. १७४४ साली एडिंबरोच्या गोल्फपटूंनी लीथच्या मैदानासाठी तेरा नियम लिहून काढले. त्यांतला आठवा नियम सांगतो की चेंडू हरवला, कोणी उचलून नेला किंवा आणखी कशाने गेला, तर शेवटचा फटका जिथून मारला तिथे परत जा, दुसरा चेंडू टाक, आणि या दुर्दैवापोटी प्रतिस्पर्ध्याला एक फटका दे. दुर्दैव हाच अर्थाचा शब्द त्या मूळ नियमात आहे, आणि मला तो फार आवडतो, कारण त्यात दोष देण्याचा सूर नाही. पावणेतीनशे वर्षांनंतरही गाभा तोच आहे. कोणी उचलून नेल्याबद्दल मात्र आजचा नियम जास्त उदार झाला आहे. भटक्या कुत्र्याने किंवा कावळ्याने चेंडू नेला हे माहीत असेल किंवा जवळजवळ खात्री असेल, तर दंडाशिवाय तो अंदाजाने मूळ जागी ठेवता येतो. आमच्याकडे कावळे आणि कुत्री दोन्ही आहेत, पण "कुत्र्यानेच नेला असेल" एवढ्या तर्कावर ही सवलत मिळत नाही. कोणीतरी ते पाहिलेले असावे लागते किंवा दुसरी शक्यता उरलेली नसावी लागते.

तरी मागे जाण्याची ही पायपीट वाचवण्याचा मार्ग नियमांनीच दिलेला आहे, आणि तो न वापरणे हीच त्या दिवशीची माझी पहिली चूक होती. चेंडू हरवला असण्याची शक्यता वाटताच टीवरूनच प्रोव्हिजनल चेंडू मारून ठेवायचा. मात्र तो मारताना "प्रोव्हिजनल" हा शब्द उच्चारला पाहिजे, किंवा हा चेंडू तात्पुरता आहे हे दुसऱ्या कोणत्याही शब्दांत स्पष्ट सांगितले पाहिजे. "थांबा, आणखी एक मारतो" एवढे म्हणून भागत नाही. तसे म्हणून मारलेला चेंडू खेळातला खरा चेंडू होतो, दंडाचा फटका लागतो, आणि मग पहिला चेंडू गवताच्या कडेवर स्वच्छ दिसत पडलेला सापडला तरी त्याचा उपयोग नसतो. पहिला चेंडू मिळून मालकाला हळहळताना मी पाहिले आहे. आपल्याकडे हा शब्द म्हणायला लोक संकोचतात, कारण त्याचा अर्थ आपला फटका वाईट गेला हे सर्वांसमोर कबूल करणे असा त्यांना वाटतो. संकोच सोडावा. पुढे जाऊन शोधायला सुरुवात केल्यावर शंका आली, तरी तीन मिनिटे संपण्यापूर्वी मागे जाऊन प्रोव्हिजनल मारता येतो.

प्रोव्हिजनलच्या नियमात एक जागा अशी आहे जिथे खेळाडूच्या मनाची परीक्षा होते. समजा, पहिला चेंडू दाट गवतात गेला आणि प्रोव्हिजनल मात्र थेट ग्रीनवर, होलपासून हातभर अंतरावर थांबला. आता पहिला चेंडू न सापडणेच फायद्याचे. अशा वेळी "जाऊ दे, हरवला" असे म्हणून चेंडू हरवत नाही. नियम स्वच्छ सांगतो की घोषणेने चेंडू हरवलेला ठरत नाही. शोधायला जाण्याची सक्ती खेळाडूवर नाही, तो सरळ पुढे जाऊन प्रोव्हिजनल खेळू शकतो, पण तोपर्यंत दुसऱ्या कोणाला गवतात एखादा चेंडू दिसला, तर तो आपला आहे का हे खेळाडूने जाऊन पाहिलेच पाहिजे, आणि तीन मिनिटांच्या आत सापडलेला तो चेंडू आपला निघाला तर होलजवळचा सुंदर प्रोव्हिजनल सोडून दिला पाहिजे. आमच्या गटात हे एकदा घडले. दादांचाच चेंडू होता, आणि तो कॅडीला सापडला. दादांनी प्रोव्हिजनल उचलला आणि एक शब्दही न बोलता गवतात उतरले. म्हणून नऊ आणि सहाच्या त्या बोलण्यात मला त्यांना त्यांचीच आठवण करून देता आली.

शोधताना काय चालते याबद्दल नियम फार समंजस आहेत, आणि हे पुष्कळांना ठाऊक नसते. गवत बाजूला करणे, वाकवणे, फांद्या हलवणे हे सगळे शोधासाठी योग्य तेवढे करता येते. त्यात एखादी काडी मोडली आणि जागा थोडी मोकळी झाली तरी दंड नाही. शोधता शोधता आपलाच पाय लागून चेंडू हलला, तरी २०१९ पासून दंड नाही. त्याआधी बहुतेक वेळा एक फटका द्यावा लागत असे, आणि त्या भीतीने लोक गवतात पाऊल टाकायला कचरत. आता चेंडू जिथे होता तिथे परत ठेवायचा एवढेच. पण "जिथे होता तिथे" याचा अर्थ पूर्ण घ्यायचा. चेंडू गवताच्या बुडाशी दबलेला होता, तर तो पुन्हा बुडाशीच गेला पाहिजे. वरच्या पात्यांवर अलगद ठेवून चालत नाही. ओळख पटवण्यासाठी उचलायचा असेल तर आधी त्याच्या जागेवर खूण करायची, ओळखण्यापुरताच पुसायचा, आणि तसाच परत ठेवायचा. खूण न करता नुसता फिरवून पाहिला तरी एक फटका जातो. माझी दुसरी चूक नेमकी इथली. मी खूण केली नाही, उचलला नाही, फिरवलाही नाही; कंपनीचे नाव दिसले आणि मारला. चेंडूवर ओळखीची खूण करावी असे नियमपुस्तकच सुचवते, पण केलेली खूण पाहण्याचे काम खेळाडूचे आहे.

चेंडू सापडला की नियमांचा समंजसपणा संपतो आणि काटेकोरपणा सुरू होतो. आता गवताच्या पात्यालाही हेतूने हात लावायचा नाही. चेंडूमागचे गवत पायाने दाबणे, मुठीत धरून वाकवणे, उपटणे, क्लब दाबून चेंडूमागे खळगा करणे, यातले काहीही केले आणि त्याने फटक्याची परिस्थिती सुधारली तर दंडाचे दोन फटके, मॅच प्लेमध्ये होल गेला. क्लब जमिनीवर हलका टेकवता येतो, म्हणजे क्लबचे वजन गवताने तोलावे, आपल्या हाताने खाली रेटू नये. उभे राहायला पाय घट्ट रोवता येतात, पण पायाखाली गवत तुडवून मुद्दाम पटांगण करता येत नाही. तुटून पडलेली पाने, सुटी काडीकचरा काढता येतो. मात्र तो काढताना चेंडू हलला तर ग्रीनबाहेर एक फटका लागतो, म्हणून दाट गवतात मी सुट्या पानालाही बोट लावत नाही. फेअरवेवरून पाहणाऱ्याला गवतातल्या माणसाचे फक्त डोके आणि खांदे दिसतात. तो पायाने काय करतो आहे हे त्याला एकट्यालाच माहीत असते, आणि आपल्या रविवारच्या खेळात पंच नसतो. नियम लागू करणारा खेळाडू स्वतःच, हे पुस्तकाच्या पहिल्याच नियमात लिहिलेले आहे.

आता सापडला पण मारता येण्यासारखा नाही, असा चेंडू. पेनल्टी एरिया सोडून कुठेही खेळाडू आपला चेंडू अनप्लेएबल ठरवू शकतो, आणि तो निर्णय फक्त त्याचा. दंड एक फटका. मग मागच्या जागी परत जावे, किंवा होल आणि चेंडू यांना जोडणाऱ्या सरळ रेषेत हवे तेवढे मागे जाऊन चेंडू टाकावा, किंवा दोन क्लबांच्या लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता, बाजूला टाकावा. टाकायचा तो गुडघ्याच्या उंचीवरून. आमच्याकडच्या गवतात हा शेवटचा मार्ग लोक डोळे मिटून निवडतात आणि दोन क्लबांपलीकडेही तसलेच गवत असल्यामुळे पुन्हा अडकतात. तिथून पुन्हा सुटायचे तर पुन्हा एक दंड. मागची रेषा आधी पाहावी. पुष्कळदा वीस पावले मागे जमीन मोकळी असते. आणि एक गैरसमज तर अनेकांच्या मनात घट्ट बसलेला आहे: न सापडलेला चेंडू अनप्लेएबल म्हणून बाजूला टाकता येत नाही. रेषा किंवा दोन क्लब मोजायला चेंडूची जागा माहीत असावी लागते.

कडेला पेनल्टी एरियाच्या लाल खुंट्या असतील तेव्हा असाच घोटाळा होतो. २०१९ पासून पेनल्टी एरियात पाणी असण्याची अट राहिली नाही. मैदानाची समिती झाडी, खडक किंवा खाजणाकडचा भागही तसा आखू शकते, आणि लाल खुंट्यांच्या आत गेलेला चेंडू न सापडताही, आत शिरला त्या ठिकाणापासून दोन क्लबांच्या आत, एका दंडाने टाकता येतो. पण तो आतच गेला आहे याची जवळजवळ खात्री हवी, आणि पुस्तक या खात्रीचे माप किमान ९५ टक्के असे धरते. खुंट्यांच्या अलीकडेही उंच गवताचा पट्टा असेल तर चेंडू त्या पट्ट्यात अडकलेला असू शकतो. मग खात्री नाही, आणि सवलतही नाही.

गोव्याच्या पावसाळी जमिनीमुळे आणखी थोडे. चेंडू आपल्याच आघाताने मातीत रुतला असेल तर उंच गवतातही आता दंडाशिवाय बाहेर काढता येतो. नुसता गवतात खोल बसलेला चेंडू मात्र रुतलेला नव्हे. साचलेल्या पाण्यातूनही फुकट सुटका आहे. काटेरी झुडपापासून नाही. सापापासून आहे. विषारी साप, मधमाश्या यांच्यासारख्या धोकादायक प्राण्याजवळ चेंडू पडला तर धोका टळेल अशा जवळच्या जागेपासून एका क्लबाच्या आत, होलच्या जवळ न जाता, दंडाशिवाय टाकता येतो. एकदा कॅडीने "सोरोप!" असे ओरडून मला दंडाला धरून मागे ओढले होते, तेव्हा हा नियम मला माहीत नव्हता आणि मी चेंडू तिथेच सोडून दंड घेतला होता. त्या मुलाला मी आता हा नियम सांगितला आहे. बाहेरून येणाऱ्या खेळाडूंना तोच सांगतो.

दादांच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी होती. मागे चौघे उभे असताना टीवर परत जाणे सर्वांनाच जड जाते. रोजच्या खेळासाठी २०१९ पासून समित्यांना एक स्थानिक नियम लागू करता येतो: चेंडू हरवला असेल आणि प्रोव्हिजनल मारलेला नसेल, तर दंडाचे दोन फटके घेऊन, चेंडू हरवला असावा त्या जागेच्या आणि जवळच्या फेअरवेच्या आसपास दुसरा टाकायचा. वरच्या दर्जाच्या स्पर्धांसाठी तो नाही. समितीने लागू केला असेल तरच तो वापरता येतो, चौघांनी आपसात ठरवून नव्हे. परतीच्या वाटेवर गाडीत बाळ्ळी ओलांडली तेव्हा दादांना मी हे सांगितले. तो लागू असता तर कार्डावर किती आले असते, असे त्यांनी विचारले. टीवरचा एक, चुकीच्या चेंडूचे दोन, हरवल्याचे दोन, मग फेअरवेवरून पुढचा सहावा. तो ग्रीनवर बसला असता आणि दोन पट्स लागले असते तर आठ, असा मी हिशेब केला. दादा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे सहा कोणत्याच वाटेने होत नव्हते तर." पुढच्या रविवारी पहिल्याच टीवर त्यांचा फटका उजवीकडे गेला. त्यांनी खिशातून दुसरा चेंडू काढला, त्यावरची खूण आम्हाला दाखवली, आणि चौघांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने "प्रोव्हिजनल" म्हटले.